मोठ्या बाईंचं हार्लेम

माझी मावशी पत्ते सांगायची ते आकड्यांत. ‘एकशे पस्तिसावर आमचं हॉस्पिटल’, ‘एकशे पंचविसावर बुटांचं दुकान’, ‘ती राहायची एकशे एकोणचाळिसावर, पण तोरा असा की विचारू नका.’ आम्ही मिरजेची पोरं. आमच्या लेखी पत्ता म्हणजे लक्ष्मी मार्केट, ब्राह्मणपुरी, किल्ला भाग. नुसते नंबर लावलेल्या रस्त्यांवरही माणसं जीव लावतात, हे आम्हाला तिच्यामुळे कळलं. दोन-तीन वर्षांतून एकदा ती मे महिन्यात यायची. माजघरातल्या झोपाळ्यावर बसायची, एका पायाने झोका द्यायची, मांडीवर सूप घेऊन डाळ निवडायची आणि हार्लेम सांगायची, न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती. हात रिकामे असले की तिला बोलताच यायचं नाही.

मावशी मिरजेच्याच मेडिकल कॉलेजात शिकली. १९६५ साली अमेरिकेने परदेशातून येणाऱ्यांसाठीचा कायदा बदलला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडचे डॉक्टर रांगेने तिकडे गेले. बऱ्याच जणांना पहिली नोकरी मिळाली ती मोठ्या शहरांतल्या सार्वजनिक हॉस्पिटलांत, जिथे रात्रपाळ्या संपता संपत नसत. मावशीच्या वाट्याला १९७१ मध्ये हार्लेम हॉस्पिटल आलं. लेनॉक्स अॅव्हेन्यू आणि १३५वा रस्ता यांच्या कोपऱ्यावरचं. (लेनॉक्सला पुढे माल्कम एक्सचं नाव मिळालं, पण मावशीच्या तोंडी शेवटपर्यंत लेनॉक्सच.) न्यू जर्सीतली आपलीच मराठी मंडळी फोन करून म्हणायची, “अगं, तिथे कशाला? दुसरीकडे बघ ना.” मावशी म्हणायची, हार्लेममध्ये ज्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, त्यांनाच हार्लेमची सगळी माहिती होती.

तिथे तिला मोठ्या बाई भेटल्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांच्या भाच्या-पुतण्या अजून तिकडे आहेत. मावशीने पहिल्याच आठवड्यात मनातल्या मनात त्यांचं बारसं केलं ते ‘मोठ्या बाई’ असं. वॉर्डातल्या सगळ्यांत ज्येष्ठ नर्स. खळ घातलेली टोपी, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. नव्या डॉक्टरला त्या दोन दिवस नुसत्या बघत आणि तिसऱ्या दिवशी ठरवत, याला शिकवायचं की याच्यापासून पेशंटांना वाचवायचं. मावशीला शिकवायचं ठरलं.

बाई दक्षिण कॅरोलिनात जन्मलेल्या. वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस पिकवायचे. पहिलं महायुद्ध संपता संपता बिऱ्हाड उचलून ते उत्तरेत आले आणि लिफ्टवर नोकरीला लागले. बाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या असतील. त्या काळी लाखो कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून अशीच निघाली होती, मिळेल त्या गाडीने, मुलांना सांभाळत, डब्यात तळलेलं चिकन घेऊन.

पण ती सगळी हार्लेमलाच का आली? मावशीने एकदा हे विचारलं, तर बाई म्हणाल्या, “आगगाडीमुळे.” तेव्हा मावशीला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच, १९०४ मध्ये लेनॉक्सखालून भुयारी रेल्वे आली. ती येणार म्हणून बिल्डरांनी आधीच इमारतींचा सपाटा लावला होता. गोऱ्या भाडेकरूंसाठी बांधलेली ती घरं रिकामी पडली, मालकांचे हप्ते थकले. तेव्हा फिलिप पेटन नावाच्या कृष्णवर्णीय दलालाने मालकांना गाठलं. घरं मी भरून देतो म्हणाला, आणि दिलीही. भाडं मात्र काळ्या माणसाकडून जास्त. ते भागवायला शनिवारी रात्री घरातलं सामान एका खोलीत रचायचं, पियानोवाला बोलवायचा, मासे तळायचे आणि दाराशी चवल्या-पावल्या घेऊन लोकांना आत सोडायचं. बाईंच्या आईच्या हातचे तळलेले मासे म्हणे दोन गल्ल्यांत प्रसिद्ध होते. मुलं पलंगावर कोटांच्या ढिगाखाली झोपायची. ज्याला आज जगभर हार्लेमचं संगीत म्हणतात, त्यातलं कितीतरी त्या कोटांखालून ऐकल्याचं बाई सांगत.

आणि मग सिनेमा. खरं तर मला सांगायचं होतं ते हेच, पण मावशीचंही असंच व्हायचं, मुद्द्यावर येईपर्यंत डाळ निवडून संपायची.

१३५व्या रस्त्यावर लिंकन थिएटर होतं. तिथे पडद्याखाली ऑर्गनवर फॅट्स वॉलर बसायचा, अजून मिसरूडही न फुटलेला. त्याचा पाय पेडलवर कसा पडतो हे बघत काउंट बेसी त्याच्या पायांशी बसून ऑर्गन शिकला. बाई सांगत की पडद्यावर कुणी मरत असलं आणि फॅट्सला कंटाळा आला असला, तर तो खुशाल नाचाची चाल सुरू करायचा आणि रडणारं अख्खं थिएटर हसायला लागायचं.

सातव्या अॅव्हेन्यूवर लफायेत. काळ्या प्रेक्षकांना बाल्कनीत न पिटाळता खाली, पडद्यासमोरच्या खुर्चीत बसू देणारं हे न्यूयॉर्कमधलं पहिल्या काही थिएटरांपैकी एक, १९१३ च्या सुमारापासून. बाईंचे वडील पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा तिकीट घेऊन सवयीने जिना शोधायला लागले. डोअरकीपरने खांद्याला धरून वळवलं आणि खालच्या दाराकडे बोट दाखवलं. आत जाऊन बसले खरे, पण सबंध खेळभर टोपी मांडीवर घट्ट धरून, अवघडून. कुणी उठवायला आलं तर पटकन उठता यावं म्हणून. सिनेमा कोणता होता हे त्यांना नंतर आठवत नसे, खुर्ची आठवायची. लाल मखमलीची, हाताशी थोडी झिजलेली. मावशी ही गोष्ट सांगायची तेव्हा आबा, म्हणजे माझे आजोबा, वर्तमानपत्र खाली ठेवायचे.

आबा शाळामास्तर. त्यांच्या फडताळात जोतीरावांची ‘गुलामगिरी’ होती, कव्हर निसटलेली. १८७३ सालच्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, गुलामांना त्यांनी मुक्त केलं म्हणून. मावशीने हार्लेमला नोकरी लागल्याचं कळवलं, तेव्हा सगळं घर काळजीत पडलं, एकटे आबा खूश. त्यांनी तिला लिहिलं की बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकत होते ते कोलंबिया विद्यापीठ तुझ्या हॉस्पिटलपासून लांब नसणार, जाऊन ये. ते पत्र आता घरात सापडत नाही, मजकूर मी आईच्या तोंडून ऐकलाय. मावशी गेली. विद्यापीठ टेकाडावर आहे, आणि त्याच्या मागच्या बागेच्या पायऱ्या उतरलं की हार्लेम. बाबासाहेब त्या पायऱ्या किती वेळा उतरले असतील याचा विचार करत ती तिथे बसून राहिली म्हणे, डबा खात.

बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये होते त्याच दिवसांत, १९१५ च्या मार्चमध्ये, त्या शहरात ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ लागला. काळ्या माणसांना राक्षस आणि बुरखाधारी कू क्लक्स क्लानवाल्यांना वीर ठरवणारा. तंत्राने थोर, म्हणून तर जास्त घातकी. त्याने झालेली जखम हार्लेममधल्या म्हाताऱ्यांकडून मावशीने साठ वर्षांनंतरही ऐकली. त्या सिनेमाला पाच वर्षांनी ज्याने उत्तर दिलं, तो ऑस्कर मिशो हा मोठ्या बाईंचा खरा नायक.

मिशो इलिनॉयमधला. आधी रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत पोर्टर, गोऱ्या उतारूंचे बिछाने घालणारा. मग साठवलेल्या पैशांतून दक्षिण डाकोटात जमीन घेऊन शेती. शेती बुडाली, तर त्याने स्वतःवरच कादंबरी लिहिली आणि शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांचे उंबरे झिजवून विकली. एका कृष्णवर्णीय कंपनीला त्याच्या कादंबरीवर सिनेमा काढायचा होता. दिग्दर्शन मीच करणार, म्हणून हा अडून बसला, आणि बोलणी फिसकटल्यावर स्वतःच कंपनी काढली. भागधारक म्हणून पुन्हा त्याच शेतकऱ्यांना गळ घातली! १९१९ मध्ये पहिला सिनेमा आला. त्यानंतर तीस वर्षांत चाळीसेक. पुढे हार्लेममध्ये त्याचं ऑफिस होतं. एका सिनेमाची रिळं गाडीत टाकून तो गावोगाव फिरायचा, थिएटरवाल्याला पुढच्या सिनेमाचे फोटो दाखवून आगाऊ पैसे घ्यायचा आणि त्या पैशांतून तो पुढचा सिनेमा काढायचा. पॉल रोबसन पडद्यावर पहिल्यांदा आला तो मिशोच्याच ‘बॉडी अँड सोल’मध्ये, १९२५ साली.

बाईंनी मिशोला एकदा लेनॉक्सवर पाहिलं होतं. उंच, धिप्पाड, पायघोळ कोट, मोठी टोपी. मोटारीत बसणार तेवढ्यात वळून त्याने कुणालातरी हाक मारली. एवढंच. पण ते सांगताना बाई खुर्चीतून उठून चालून दाखवत.

मिशोकडे स्टुडिओला पैसे नसत. मग ओळखीच्यांच्या घरात शूटिंग. एकाच टेकमध्ये उरकायचं, नट अडखळला तरी तसंच ठेवायचं. बाईंच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक दर्जीण राहायची. तिची बैठकीची खोली मिशोने दोन दिवसांसाठी मागून घेतली. सोफा होता गडद हिरवा, त्यावर तिने स्वतः क्रोशाने विणलेल्या जाळ्या. सिनेमा लागला तेव्हा सगळी इमारत गेली. नायिका रडत त्या सोफ्यावर कोसळली आणि मागच्या रांगेतून दर्जीण ओरडली, “अगं, जाळ्या चुरगळतील!” थिएटरात हशा. सोफा पडद्यावर हिरवा कुठला दिसणार, करडाच. पण सगळ्यांनी तो हिरवाच पाहिला. सिनेमाचं नाव? मावशीला आठवत नव्हतं. कदाचित बाईंनी सांगितलंच नसेल. त्यांच्या दृष्टीने तो सोफ्याचाच सिनेमा होता.

आता असं नका समजू की मिशोचं सगळं डोक्यावर घेतलं गेलं. १९३८ मध्ये त्याचा ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रन’ हार्लेममध्ये लागला आणि लोकांनी थिएटरसमोर निदर्शनं केली. उजळ रंगाची काळी माणसं वरची, गडद रंगाची खालची, असा त्यातला सूर लोकांना झोंबला. सिनेमा उतरवावा लागला. मोठ्या बाईही त्या दिवशी तिथे होत्या. मात्र त्या फलक घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या की तिकीट काढून आत बसल्या होत्या, याबद्दल त्यांनी मावशीला दोन वेळा दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. मला वाटतं, दोन्ही खऱ्या असाव्यात. आपल्याच माणसाचा सिनेमा आहे, बघायला तर हवा. आणि आपल्याच माणसाने असं काढावं, ओरडायलाही हवं.

हे ऐकताना आजी चुळबुळायची. मावशी सावळी. लग्नाच्या वेळी तिला साय-हळद चोळून ‘दाखवण्यात’ आजीचे उन्हाळे गेले होते. “हार्लेममध्ये मला रंगावरून कुणी काही विचारलं नाही हो,” असं मावशी मुद्दाम आजीच्या देखत म्हणायची आणि सूप जरा जोरात पाखडायची.

मावशी तिथलं सगळं चवदार करून सांगायची, पण साखर पेरून नाही. तिने रुजू होऊन वॉर्डात पाहिलेली वर्षं हेरॉइनची. घरमालकांनी सोडून दिलेल्या इमारती, हिवाळ्यात बंद पडलेल्या शेगड्या, उंदीर चावलेली बाळं. न्यू जर्सीकरांना एवढंच हार्लेम दिसायचं. मावशीला त्याच इमारतींतून दर रविवारी पांढऱ्या कडक हॅट घालून चर्चला निघालेल्या बायकाही दिसायच्या.

खाण्याचं सांगितलं नाही तर मावशी मला माफ करणार नाही. तिचा पहिला नववर्षदिन ड्यूटीवर गेला. डब्यात चवळीची उसळ होती. बाईंनी डबा उघडताना पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. “तुला कुणी सांगितलं?” मावशीला काही कळेना. दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय घरांत एक जानेवारीला चवळी आणि भात करतात, वर्ष भरभराटीचं जातं म्हणून. चवळी मूळची आफ्रिकेची, गुलामांच्या जहाजांबरोबर पलीकडे गेलेली. भेंडीचंही तेच. बाईंनी आपल्या डब्यातली कोलार्डची भाजी पुढे केली. मावशी शाकाहारी आणि भाजीत डुकराच्या मांसाचा तुकडा. बाईंनी न बोलता तो चमच्याने बाजूला काढला आणि पुढच्या वर्षापासून मावशीच्या वाट्याची भाजी वेगळी शिजू लागली. मावशीनेही खोबरं-कोथिंबीर हात राखून घालायला सुरुवात केली. नंतर कधीतरी त्या दोघी सिल्व्हियाजमध्ये जायला लागल्या. लेनॉक्सवर १२६व्या रस्त्यापाशी. सिल्व्हिया वुड्स त्याच खाणावळीत वाढपी होती. १९६२ मध्ये तिने ती विकत घेतली, त्यासाठी गावाकडे आईने शेत गहाण टाकलं. रताळ्याचा पाय आणि मक्याचा ब्रेड एवढ्यावर मावशीचं जेवण व्हायचं. मिरजेत तो पाय करायचा तिने एकदा प्रयत्न केला. ओव्हन नव्हता, म्हणून तवा वर, निखारे खाली. आम्ही सगळ्यांनी तो संपवला, आजीनेसुद्धा, फक्त ‘पुरणात वेलदोडा विसरलीस’ असं म्हणून.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आबांनी लगेच कात्रण धाडलं. मावशीने ते बाईंना दाखवलं, नाव कुठून घेतलंय ते सांगितलं. बाई चर्चच्या, बंदुका घेतलेली ब्लॅक पँथरची पोरं त्यांना पसंत नव्हती. पण हीच पँथरची पोरं सकाळी शाळेआधी लहान मुलांना फुकट न्याहारी द्यायची, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. “तुमची पोरं न्याहारी देतात का?” असं त्यांनी विचारलं. मावशीकडे उत्तर नव्हतं. कात्रण मात्र बाईंनी मागून घेतलं, अक्षर एक वाचता येत नसताना.

तोवर सिनेमा पुन्हा हार्लेममध्ये आला होता. १९७० चा ‘कॉटन कम्स टू हार्लेम’ ऑसी डेव्हिसने तिथल्याच रस्त्यांवर काढला. पाठोपाठ ‘शाफ्ट’, ‘सुपर फ्लाय’. चामडी कोट, पिस्तुलं, गाड्या. वॉर्डबॉय त्यावर फिदा, बाई नाराज. “यात कपडे कोण धुतं?” हा त्यांचा प्रश्न. मग १९७४ मध्ये ‘क्लॉडीन’ आला, आणि त्यात कपडे धुणारी होती. हार्लेममधली सहा मुलांची आई, गोऱ्यांच्या घरी मोलकरीण. सरकारी मदत बंद होऊ नये म्हणून नोकरीही लपवते आणि कचरागाडीवर काम करणाऱ्या मित्रालाही लपवते. समाजकल्याणची बाई येतेय म्हटल्यावर घरातल्या चांगल्या वस्तू दडवायची पळापळ. डायहॅन कॅरलला त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. मूळची नायिका डायना सँड्स. ती कॅन्सरने खंगली आणि तिनेच आपल्या मैत्रिणीचं, म्हणजे कॅरलचं नाव सुचवलं. सिनेमा काढणारी कंपनी ऑसी डेव्हिस आणि मित्रांची. काळ्या आणि पोर्तोरिकन पोरांना कॅमेऱ्यामागची कामं शिकवायची, हा तिचा हेतू.

वॉर्डातल्या बायका पाळी संपवून एकदम गेल्या, मावशीला मधे बसवून. हार्लेमचा प्रेक्षक गप्प बसत नाही. पडद्यावर समाजकल्याणची बाई जिना चढायला लागली की थिएटरातून सल्ले सुरू: ‘ते पलंगाखाली टाक!’, ‘मागच्या दाराने काढ त्याला!’ मावशीने अशा आया ओपीडीत रोज पाहिलेल्या. तिने त्यांना ‘घरी अजून कोण कोण असतं?’ असं विचारायचं दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. औषध देताना ते विचारायची गरजही नव्हती, असं ती म्हणायची. माझ्या मते एखाद्या सिनेमाने याहून जास्त काही करू नये.

पण हा सगळा ठेवा राहिला किती? मिशोच्या मूकपटांपैकी आज जगात फक्त तीन आहेत. ‘बर्थ ऑफ अ नेशन’ला उत्तर म्हणून ज्याचं नाव घेतात तो ‘विदिन अवर गेट्स’ कित्येक दशकं नाहीसाच झाला होता. एकुलती एक प्रत सापडली ती स्पेनमध्ये, ‘ला नेग्रा’ या नावाच्या डब्यात. पाट्या स्पॅनिशमध्ये. त्या परत इंग्रजीत आणून १९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने सिनेमा पुन्हा उभा केला. आपणही फार बोलू नये. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला १९१३ ला, आणि त्याचीही काहीच रिळं आज उरलीत. त्याच १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये लफायेतच्या रंगमंचावरची मंडळी विनोदी नट बर्ट विल्यम्सबरोबर एक सिनेमा करत होती. तो पुरा झालाच नाही. डबे गोदामातून म्युझियममध्ये गेले आणि तिथेच पडले, आणि थेट २०१४ मध्ये लोकांनी ते पाहिले. त्यात एक जोडपं साध्या, प्रेमाच्या ओढीने एकमेकांचं चुंबन घेतं. टवाळी नाही, विदूषकी नाही. शंभर वर्षं ते डब्यात बंद होतं.

आणि हे फक्त जुन्या काळातच झालं असं नाही. कॅथलीन कॉलिन्स हार्लेममधल्याच सिटी कॉलेजात शिकवायची. १९८२ मध्ये तिने ‘लूझिंग ग्राउंड’ काढला. तत्त्वज्ञानाची प्राध्यापक असलेली एक काळी बाई, तिचा चित्रकार नवरा, त्यांचा एक उन्हाळा. पिस्तूल नाही, गर्द नाही, म्हणून थिएटरवाल्यांना तो ‘काळा’ सिनेमा वाटेना. तो लागलाच नाही. १९८८ मध्ये ती गेली, सेहेचाळीस वर्षांची. तिच्या मुलीने आईच्या सिनेमाची प्रत सोडवून घेतली, दुरुस्त केली आणि २०१५ मध्ये तो थिएटरात लागला. विल्यम ग्रीव्हज हा दिग्दर्शक हार्लेममध्येच जन्मलेला. १९७२ मध्ये त्याने ड्यूक एलिंग्टनच्या घरी एक मेजवानी ठेवली. विसाच्या दशकात हार्लेमला ज्यांनी नाव मिळवून दिलं, त्यांतले हयात असलेले म्हातारे-म्हाताऱ्या बोलावल्या: पियानोवादक युबी ब्लेक, चित्रकार एरन डग्लस, १३५व्या रस्त्यावर हार्लेमची लग्नं आणि मयतं टिपणारा फोटोग्राफर जेम्स व्हॅन डर झी. त्यांना खायला-प्यायला घातलं, आणि कॅमेरा सुरू ठेवून बोलू दिलं. भांडूही दिलं. ग्रीव्हज २०१४ ला गेला तोवर तो सिनेमा अपुराच होता. अर्ध्या शतकाने त्याच्या मुलाने, डेव्हिडने, तो पुरा केला. कुठल्या मोठ्या स्टुडिओने यातलं काही सांभाळलं नाही. सांभाळलं ते मुलीने, मुलाने, ग्रंथपालाने.

मावशी निवृत्त झाल्यावर तिच्याबरोबर मी हार्लेमला गेले. लफायेत पाडलेलं. त्याच्यासमोर पूर्वी एक झाड होतं. काम मिळावं म्हणून नट त्याला हात लावायचे. रस्तारुंदीत ते १९३४ मध्ये तोडलं, पण राल्फ कूपरने, जो पुढे स्वतः गुंडपटांचा नायक झाला, त्याचा ओंडका अपोलो थिएटरात नेला. अपोलोत १९३४ पर्यंत काळ्या प्रेक्षकाला प्रवेश नव्हता. आजही तिथल्या हौशी गायकांच्या रात्री प्रत्येक जण त्या ओंडक्याला हात लावून मगच माइकपुढे येतो. रेनेसाँ नावाचं काळ्या मालकांनी बांधलेलं नाचघर आणि थिएटर होतं, तेही गेलं. पडायला आलं होतं, तेव्हा स्पाइक लीने त्यात ‘जंगल फीव्हर’मधला गर्दुल्ल्यांचा अड्डा उभा केला होता. त्या अड्ड्याचं सिनेमातलं नाव ताजमहाल! घरभाडी अशी चढलीत की मोठ्या बाईंच्या भाच्या ब्राँक्समध्ये राहायला गेल्या. मावशी बाईंच्या इमारतीच्या पायऱ्यांपाशी उभी राहिली, पण तिसऱ्या मजल्याकडे बोट करून तिने सांगितलं ते सोफ्याचंच.

लिंकन मात्र आहे. १९२९ च्या सुमाराला ते चर्चने घेतलं, म्हणून वाचलं. आणि हॉस्पिटलच्या समोर, रस्ता ओलांडला की शॉम्बर्ग ग्रंथालय. आर्तुरो शॉम्बर्ग पोर्तोरिकोचा. काळ्यांना इतिहास नसतो असं त्याला लहानपणी शाळेत ऐकवलं गेलं, म्हणून जन्मभर त्याने पुस्तकं, चित्रं, हस्तलिखितं जमवली. १९२६ मध्ये ती या ग्रंथालयाकडे आली. आता तिथे सिनेमेही आहेत. दालनाच्या फरशीखाली कवी लँगस्टन ह्यूजच्या अस्थी आहेत. त्यावरून चालायचं की नाही हे मावशीला कळेना, तर पहारेकऱ्याने हसून सांगितलं, लोक इथे नाचतातसुद्धा.

तर न्यूयॉर्कला गेलात, तर दोन किंवा तीन नंबरची भुयारी गाडी पकडा. १३५व्या रस्त्याच्या स्टेशनातून वर आलात की शॉम्बर्ग समोरच आहे. जाणं होणार नसेल तर मिशोचा ‘विदिन अवर गेट्स’ घरबसल्या, फुकट पाहता येतो. तो आता कुणाच्या मालकीचा नाही. सव्वा तासाचा आहे. शेवटाकडे जमावाने माणसं मारण्याचे प्रसंग आहेत, तेवढ्यापुरती लहान मुलांना उठवा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवा. पाट्या इंग्रजी आहेत, त्या मोठ्याने मराठीत सांगत जा, आणि मध्येच ते आपलं काही सांगायला लागले तर सिनेमा थांबवा.